रेसलर सीएम पंकवरून भांडायचंय? आधी तो सध्या कुठल्या कंपनीत आहे ते बघा

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की रेसलिंगचा फॅन व्हायला रेसलिंग बघावं लागतं. ते दिवस गेले. पूर्वी ठीक होतं, टेन स्पोर्ट्स लावायचं, अंडरटेकर सात वेळा मरून परत येतो यावर गळ्याला हात लावून शपथा घ्यायच्या, ट्रम्प कार्डं वाटायची, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, ज्याचा आकडा मोठा त्याने कार्ड उचलायचं, संपला विषय. आता आपण मोठे झालोय. आता आपल्याला तिकीटविक्री कळते, टीव्हीचे करार कळतात, १८ ते ४९ वयोगटाचं रेटिंग कळतं आणि फ्लोरिडातल्या लॉकर रूममध्ये कोण कोणाशी बोलत नाही हे तर सख्ख्या भावाच्या घरात काय चाललंय त्याच्यापेक्षा जास्त कळतं.

तर पहिलं काम म्हणजे कंपनी निवडा. दोनच आहेत असं समजून चाला, जुनी अमेरिकन डब्ल्यूडब्ल्यूई आणि टोनी खानची नवी एईडब्ल्यू. जपान, मेक्सिको वगैरे नावं फक्त समोरच्याला गप्प बसवायला वापरायची असतात. डब्ल्यूडब्ल्यूई निवडलीत तर समोरच्या टोनी खानला 'बापाच्या पैशावर खेळणारं पोरगं' म्हणायचं, कारण त्याचे वडील शाहिद खान हे जॅक्सनविल जॅग्वार्स (अमेरिकन फुटबॉल) आणि फुलहॅम (इंग्लंडमधला फुटबॉल क्लब) यांचे मालक. हे म्हणताना डब्ल्यूडब्ल्यूईच्या जुन्या मालकाने, व्हिन्स मॅकमनने, १९८२ साली धंदा कोणाकडून घेतला होता ते आठवायचं नाही (वडिलांकडूनच घेतला होता, पण पैसे देऊन, आणि तेवढा फरक आपल्याला पुरतो). एईडब्ल्यू निवडलीत तर डब्ल्यूडब्ल्यूईला 'आत्मा नसलेली कॉर्पोरेट मशीन' म्हणायचं, टीकेओ (डब्ल्यूडब्ल्यूईची मालक कंपनी), यूएफसी (तिच्याच मालकीची खऱ्या फाइट्सची कंपनी), शेअर बाजार असे शब्द तोंड वाकडं करून उच्चारायचे, आणि आपली कंपनी ही जणू चार पोरांनी वर्गणी काढून गल्लीत सुरू केलीये असा चेहरा ठेवायचा. अब्जाधीश फक्त समोरच्या बाजूलाच असतात.

कंपनी ठरली की पंककडे वळा. पंकशिवाय भांडणाला चव नाही.

पंक चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याच्या पगाराच्या चेकवर सही कोणाची आहे एवढंच विचारायचं. आपल्याकडे आमदाराने पक्ष बदलला की कालपर्यंत 'गद्दार' म्हणणारे कार्यकर्ते ज्या सफाईने 'स्वगृही स्वागत'चे फ्लेक्स लावतात, तेवढी सफाई हातात आली पाहिजे. सरावासाठी सोपा अभ्यासक्रम देतो. २७ जून २०११ ला हा माणूस लास वेगासमध्ये स्टेजवर मांडी घालून बसला आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या मालकापासून जावयापर्यंत सगळ्यांची काढली, तेव्हा तो क्रांतिकारक. मग ४३४ दिवस चॅम्पियन राहिला, तेव्हा तो दंतकथा. जानेवारी २०१४ मध्ये वैतागून, आजारी अवस्थेत निघून गेला, तेव्हा पळपुटा. त्याच जूनमध्ये ऐन लग्नाच्या दिवशी त्याला कंपनीचं बरखास्तीचं पत्र मिळालं, तेव्हा दोन दिवस बिचारा. यूएफसीत जाऊन २०१६ ला पहिल्याच फाइटमध्ये २ मिनिटं १४ सेकंदात हरला, तेव्हा विनोद. ऑगस्ट २०२१ मध्ये एईडब्ल्यूत आला आणि अख्ख्या स्टेडियमला आइस्क्रीम वाटलं, तेव्हा एका बाजूला मसीहा आणि दुसऱ्या बाजूला 'अरे म्हातारा झालाय, पाय बघ कसे अडखळतायत'. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो परत डब्ल्यूडब्ल्यूईत आला त्या रात्री हीच दोन वाक्यं दोन्ही बाजूंनी आपसात बदलून घेतली, शब्द तेच, कानामात्रा तीच, फक्त कोणाच्या तोंडी ते बदललं. पाय मात्र त्याच माणसाचे होते, आणि वयही दोन वर्षांनी वाढलेलं.

जे जुने जाणते आहेत ते म्हणतील की यात नवीन काय, २००५ ला रिंग ऑफ ऑनर ही छोटी रेसलिंग कंपनी सोडताना याने त्यांचाच बेल्ट जिंकून त्याच्यावर ठेवून डब्ल्यूडब्ल्यूईचा करार सही केला होता, म्हणजे सगळ्या कंपन्यांना हा प्राणी काय आहे ते आधीपासून माहीत होतं. अशा जाणत्यांना वादात घेऊ नका, रंगाचा भंग होतो.

आता मुख्य धडा, मफिनवाली पत्रकार परिषद. ही नीट पाठ पाहिजे. तारीख ४ सप्टेंबर २०२२, एईडब्ल्यूचा ऑल आउट हा शो संपलेला, पंक नुकताच जॉन मॉक्सलीला हरवून दुसऱ्यांदा चॅम्पियन झालेला, घामाघूम, समोर बेकरीचा खोका. साहेब मफिन खातायत आणि खाता खाता, कोणी फारसं विचारलेलं नसताना, जुन्या दोस्तापासून सुरुवात करून कंपनीतल्याच हँगमन पेज या रेसलरला बिनडोक ठरवतायत, कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंट लोकांना टार्गेटचं (अमेरिकेतल्या सुपरमार्केटचं) दुकानसुद्धा चालवता येणार नाही म्हणतायत. हे सगळं चालू असताना बाजूलाच कंपनीचा मालक बसलाय. टोनी खान. तो उठत नाही, माइक घेत नाही, 'पुढचा प्रश्न' म्हणत नाही. लग्नात व्याही भांडायला लागल्यावर वरबाप जसा पत्रावळीकडे बघत बसतो तसा बसलाय, आणि मधेमधे मान हलते. नंतर आत मारामारी झाली ती सगळ्यांना माहीत आहे, पंकचा मित्र एस स्टील हा त्या व्हाइस प्रेसिडेंटांपैकी एक असलेल्या केनी ओमेगाला चावला अशा बातम्या आल्या, पंकचा कुत्रा लॅरी पण त्या खोलीत होता म्हणतात.

इथे तुमचं कौशल्य लागतं. पंकच्या बाजूने असाल तर चर्चा कुत्र्यावर न्यायची. एकदा कुत्रा मधे आला की समोरचा काहीही बोलला तरी प्राणीद्वेष्टा ठरतो. विरुद्ध बाजूने असाल तर चावण्याचा विषय गाळून मफिनवर राहायचं, 'खाता खाता कोण बोलतं का' हा संस्काराचा मुद्दा आहे आणि आपल्याकडे त्याला उत्तर नाही. मालक काय करत होता असं एखाद्याने विचारलं तर दोन्ही बाजूंनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचं. मला विचाराल तर त्या अख्ख्या व्हिडिओत बघण्यासारखा चेहरा त्या एकाचाच आहे, पण मला कोणी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका.

पुढचा धडा लंडनच्या वेम्बली स्टेडियमचा. २७ ऑगस्ट २०२३, एईडब्ल्यूच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस, आणि पडद्यामागे पंक आणि एईडब्ल्यूचाच रेसलर जॅक पेरी यांची जुंपली, कशावरून तर काचेवरून. पेरीला शोमध्ये खरी काच वापरायची होती, पंकने नको म्हटलं, मग पेरीने वेम्बलीत गाडीच्या काचेवर थाप मारून कॅमेऱ्यात बघत टोमणा मारला की ही खरी काच आहे, बस आता रडत. आत आल्यावर पंकने त्याला धरलं. आणि मग तोच पंक दोन मिनिटांत बाहेर जाऊन सामोआ जोबरोबर मॅच खेळला, जिंकला पण, आणि आठवड्याभरात त्याची नोकरी गेली. टोनी खानने जाहीरपणे सांगितलं की आपल्याला जिवाची भीती वाटली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये एईडब्ल्यूने ते सीसीटीव्ही फुटेज आपल्याच शोमध्ये दाखवलं. आवाज नाही. म्हणजे भांडायला आदर्श. तुम्ही ते फुटेज फोनवर पाव स्पीडने लावायचं, अंगठा आणि बोटाने झूम करायचं, आणि त्या दाणेदार राखाडी डागांमध्ये 'हे बघ, इथे पहिला धक्का त्याने दिला' असं ठामपणे म्हणायचं. कोणाचा खांदा कुठला ते ओळखू येत नाही ही अडचण नाही, सोय आहे. स्वतःच्या शोवरचं भांडण स्वतःच्याच शोवर आठ महिन्यांनी दाखवून प्रतिस्पर्ध्याच्या सध्याच्या स्टारची फुकट जाहिरात करणं हा धंद्याचा कुठला प्रकार, असं तुमच्या मनात येईल. गिळा.

आकड्यांचं मात्र मनावर घ्या, कारण खरा फॅन आकड्यांत ओळखू येतो. वेम्बलीचा जाहीर आकडा ८१,०३५. नंतर तिथल्या ब्रेंट कौन्सिलकडून गेटमधून प्रत्यक्ष आत गेलेल्यांचा आकडा आला, ७२,२६५. झालं! डब्ल्यूडब्ल्यूईच्या पोरांना दिवाळी. कल्याणच्या पलीकडे ज्याने पाऊल टाकलं नाही तो लंडनच्या एका महापालिकेच्या फिरत्या गेटचा हिशोब मांडायला लागला, तिकीट काढून न आलेले किती, आजारी किती, गाडी चुकलेले किती. एईडब्ल्यूवाल्यांनी उत्तरादाखल डब्ल्यूडब्ल्यूईच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक शोचा, १९८७ च्या तिसऱ्या रेसलमेनियाचा, ९३,१७३ बाहेर काढायचा, ज्याच्यावर त्यापेक्षा कितीतरी कमी लोक होते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि २०१६ चा टेक्सासमधला १,०१,७६३ पण. अशा रीतीने दोन्ही बाजू फुगवलेल्या आकड्यांवर भांडतात आणि दोघांपैकी एकालाही तिकिटाचा एक रुपया मिळत नाही. सत्तर हजारांहून जास्त माणसं एका नव्या कंपनीचा शो बघायला आली यात काही विशेष आहे असं वाटणं हे नवख्याचं लक्षण.

मॅच चांगली झाली का असं विचारायचं असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रेसलिंग पत्रकार डेव्ह मेल्टझरने स्टार किती दिले ते बघा. पाचपैकी द्यायचे असतात, ओमेगा-ओकाडाच्या मॅचला २०१८ मध्ये सात दिले. तुमच्या आवडत्याला मिळाले तर तो अभ्यासू पत्रकार, नाही मिळाले तर विकला गेलेला.

तत्त्वांचं काय, हा प्रश्न कधीतरी येणारच. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१८ पासून सौदीत मोठाले शो सुरू केले तेव्हा त्या पैशाला रक्ताचा पैसा म्हणणाऱ्यांत पंक पुढे होता, २०२० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या मिझ या रेसलरला उद्देशून त्याने जे ट्वीट केलं होतं ते इथे छापता येणार नाही, घरात मोठी माणसं वाचतात. जून २०२५ मध्ये तोच पंक सीनाबरोबर लढायला रियाधला गेला, मॅचच्या आधीच्या कार्यक्रमात गर्दीतून माफीची मागणी झाली आणि त्याने माफी मागितली. यावर घ्यायची भूमिका आधीच ठरवून ठेवा. डब्ल्यूडब्ल्यूईचे असाल तर 'माणूस बदलतो, परिपक्व होतो'. एईडब्ल्यूचे असाल तर 'बघा, ढोंगी', आणि हे लिहिणारा मागच्या तीन वर्षांत पंकच्या टीशर्टात फोटो टाकत होता हे कोणी उकरून काढायच्या आत तो फोटो काढून टाका. आणि ज्यांनी २०१८ पासून सौदीचा एकही शो चुकवला नाही पण त्या दिवशी पंकच्या तत्त्वांची फार काळजी वाटली, त्यांच्यासाठी वेगळा धडा लागणार नाही, ते शिकूनच आलेत.

कधीकधी काय होतं, सगळं खरं आहे की ठरवून केलंय तेच समजत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईच्या सेथ रॉलिन्सने २०२३ च्या सुरुवातीला पंकला कॅन्सर म्हटलं, त्याच नोव्हेंबरमध्ये पंक परतला तेव्हा सेथ रिंगजवळ बेभान होऊन ओरडत होता, लोकांनी त्याला धरलेलं, आणि जगभर रात्रभर वाद की हा माणूस खरंच चिडलाय का पगारी चिडलाय. एप्रिल २०२५ च्या रेसलमेनियात पहिल्या रात्रीच्या शेवटच्या मॅचमध्ये हेच दोघे रोमन रेन्सबरोबर एका रिंगमध्ये. खरा राग असो नाहीतर खोटा, तिकीट एकाच खिडकीवर विकलं जातं, पण हे तुम्ही बोललात तर तुमची गणना आता न बघणाऱ्यांमध्ये होईल. त्यापेक्षा 'मला आतल्या माणसाने सांगितलंय' म्हणा. आतला माणूस कोण ते सांगायचं नसतं, आणि आपला आतला माणूस बहुतेक वेळा डोंबिवलीतच असतो.

आता राहिली पुढची तयारी. पंक ४५ च्या पुढे गेलाय म्हणून निश्चिंत होऊ नका, या माणसाचा 'शेवट' आतापर्यंत बऱ्याचदा होऊन गेलाय. फोनमध्ये दोन ड्राफ्ट कायमचे करून ठेवा. एक, 'मी आधीपासून सांगत होतो, हा माणूस विष आहे', आणि दुसरा, 'डोळ्यांत पाणी आलं, घरी परतला'. कंपनीच्या नावाची जागा मोकळी ठेवायची, तारखेची पण मोकळी. गावाचं नाव मात्र बिनधास्त आत्ताच टाईप करून ठेवा, शिकागो, त्याचं स्वतःचं गाव. २०११ ला सीनाला हरवलं ते तिथे, २०२१ चं आइस्क्रीम तिथे, मफिन तिथून गाडीने जवळच, २०२३ ला टोनी खानने काढल्याचं लोकांना सांगितलं ते पण त्याच गावात पंकच्याच लोकांसमोर उभं राहून, आणि तीन महिन्यांच्या आत डब्ल्यूडब्ल्यूईने परत आणलं ते त्याच गावाच्या विमानतळाशेजारी.