युनिव्हर्सिटीची पाटी

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. 

आमचे इस्त्रीवाले दादा कपडे द्यायला आले ते खिशात फीची पावती घेऊनच. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला बरे मार्क पडले, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातली. "ताई, साधं कॉलेज नाही, युनिव्हर्सिटी आहे!" माणूस इतका खुश, की मला पुढचं विचारवेना. मग त्यांनीच विचारलं, "मुलींची फी सरकार भरतं ना, तो फॉर्म कुठं मिळतो?"

कुठेच नाही, दादा.

२०२४ पासून राज्य सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. सरकारी कॉलेजात, अनुदानित कॉलेजात, अगदी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा, फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून हवा. वगळली आहेत ती खाजगी अभिमत विद्यापीठं (केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी विद्यापीठं. म्हणजे पाटीवर युनिव्हर्सिटी लिहिलेल्या ज्या जागेचा दादांना एवढा अभिमान, नेमकी तीच. हे जीआरमध्ये स्वच्छ लिहिलंय. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर त्याला जागा मिळाली नाही.

आणि ही विद्यापीठं पालकांना गाठतात कधी? बारावीचा निकाल लागतो मेमध्ये, कॅपच्या फेऱ्या सुरू होतात पावसाळ्यात. मधल्या काळात घरोघरी फोन. "सीट बुक करा, नाहीतर जाईल." दादांनी पतपेढीतून कर्ज काढून सीट बुक केली. कॅपची वाट पाहिली असती तर त्या मार्कांवर पोरीला एखादं विनाअनुदानित कॉलेज तरी मिळालंच असतं, आणि तिथे माफी लागू होती. साधं कॉलेज, हो. पदवी पुणे विद्यापीठाची मिळाली असती!

आपल्याकडे एका गेटवर विद्यापीठ लिहिलेलं असतं ते १९४९ पासूनचं सरकारी, शेकडो कॉलेजं पोटात घेऊन बसलेलं. दुसऱ्या गेटवरचं विधिमंडळाने कायदा करून मान्यता दिलेलं, पण पैसा सगळा संस्थाचालकांचा. तिसरं यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खालचं अभिमत. चौथ्या गेटवर नुसतं कॉलेज लिहिलेलं असतं, ते स्वायत्त असतं, अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची देतं. दहावी शिकलेल्या बापाने हे कुठून ओळखायचं? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अभिमत संस्थांना नावात युनिव्हर्सिटी लावू नका म्हणून बजावलं होतं. पुढे काय झालं ते हायवेवरचे फलक बघून ठरवा.

बरं, सगळी अभिमत वाईट नाहीत, मान्य. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी अभिमतच आहे, मुंबईची समाजविज्ञानाची टिस आणि पुण्याची अर्थशास्त्राची गोखले इन्स्टिट्यूटही. आणि सरकारी विद्यापीठांचा कारभार काय वर्णावा, २०१७ लाच मुंबई विद्यापीठाचे निकाल किती रखडले ते आठवतंय. झालं? समाधान?

पण खरा राग आपल्यावर येतोय, आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांवर. दादा ज्या घरांतले कपडे नेतात त्या घरांनीच त्यांना शिकवलंय की युनिव्हर्सिटी म्हणजे भारी, कॉलेज म्हणजे ठीक, पॉलिटेक्निक म्हणजे बिच्चारा आणि आयटीआय म्हणजे शेवटचा पर्याय. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पोरं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, पण लग्नाच्या पंगतीत हे कुणी अभिमानाने सांगताना ऐकलंय? नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेणाऱ्याला आपण "एक्स्टर्नल का?" असं विचारतो. त्या स्वरात.

असो. दादांना मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. प्रवेश रद्द केला तर किती पैसे कापतात ते आधी विचारून घेते. पोरगी हुशार आहे हो.

ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांनी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पदवी कोणाच्या नावाची, ही जागा कॅपची आहे का, आणि फीमाफी लागू होते का. तोंडी "हो हो, होऊन जाईल" चालणार नाही.

आणि "माझा भाचा तिथेच आहे, मस्त कॅम्पस आहे" अशी कमेंट टाकणार असाल, तर भाच्याच्या बाबांचं वार्षिक उत्पन्नही सोबत लिहा.