मामा, सर्व्हर पडलाय!
रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलं की नेमका भाचरांचा फोन येतो. "मामा, सर्व्हर पडलाय!" जणू मी गावचा वायरमन.

डोक्याची कटकट नको म्हणूनच पोरांच्या माइनक्राफ्ट खेळाचा सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) टाकला होता ना? उठून बघतो तर एक्झिट कोड (प्रोग्रॅम बंद पडताना देतो तो आकडा) १३७. म्हणजे बहुधा मेमरी संपली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) कंटेनरची मान मुरगाळली. कंटेनरला मर्यादा ४ जीबीची, आणि सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावाच्या हीपलाही (डेटा ठेवायच्या मेमरीलाही) अख्खे ४ जीबी! हीपच्या बाहेरही जावाला जागा लागते, थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना), मेटास्पेसला (कोडबद्दलच्या माहितीला). हे कोणी विसरावं? मीच. दर वेळी. पोरं नवा मोडपॅक (खेळात भर घालणाऱ्या बदलांचा गठ्ठा) आणतात, मी हीप वाढवतो आणि मर्यादा तशीच राहते.

बंद करायचं तरी सुखाने? डॉकर स्टॉप ही बंद करायची आज्ञा देते १० सेकंद. वर माझी सुरुवातीची शेल स्क्रिप्टच पीआयडी १ (कंटेनरमधला पहिला प्रोग्रॅम) होऊन बसलेली. सिगटर्म (नीट आवरून बंद हो, असा इशारा) जावापर्यंत पोचतच नाही. मग थेट सिगकिल (जागच्या जागी ठार), आणि थोरल्याने तासभर खपून बांधलेला वाडा गायब. रडारड माझ्या कानाशी.

धाकटी टॅबवरून खेळते, म्हणून तिच्यासाठी वेगळा बेडरॉक (माइनक्राफ्टची टॅबवर चालणारी आवृत्ती) सर्व्हर. पोर्ट (नेटवर्कचं दार) १९१३२, आणि डेटा पाठवायची पद्धत यूडीपी. कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) यूडीपी लिहिलं नाही तर डॉकर मुकाट टीसीपी ही दुसरी पद्धत धरतो. एररही नाही हो! लॉगमध्ये सगळं छान, आणि पोरगी फुरंगटून बसलेली.

ताईचं वेगळंच: "त्यात काय, बंद करून चालू कर."