टी-शर्टपुरता उत्साह

ऑक्टोबर उजाडला की रत्नागिरीतल्या आमच्या महाविद्यालयात मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या उत्साहाला उधाण येते आणि महिना संपताच ते ओसरते, याचा मला दरवर्षी मनस्वी संताप येतो. अशा सॉफ्टवेअरला योगदान देण्यासाठी २०१४ पासून दर ऑक्टोबरात चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात बक्षिसाच्या टी-शर्टाच्या मोहापायी इतक्या निरर्थक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंत्या आल्या, की प्रकल्पाच्या संमतीशिवाय योगदान मोजायचे नाही, असा नियम आयोजकांना २०२० मध्ये ऐन महिन्यात करावा लागला. तरीही आमची मुले रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, एखादा स्वल्पविराम घालून प्रमाणपत्राची वाट पाहतात. तो बदल तपासणारा माणूस पुष्कळदा नोकरी सांभाळून, विनामोबदला रात्री जागत असतो, हे त्यांना कुणी सांगतच नाही. गुण आणि हजेरी यांपलीकडचे कारण त्यांच्यापुढे ठेवलेच जात नसेल, तर दोष एकट्या मुलांचा कसा म्हणावा? लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर सुधारणे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर आपल्याच वाडीतल्या पाखाड्या आणि साकव नोंदवणे, ही कामे इथल्या मुलांइतकी नेमकी दुसरे कोण करील? पण पहिला पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, परत आला, की तो दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याऐवजी, म्हणजे खरे शिक्षण जिथे सुरू होते नेमके तिथेच, ती मेंटॉरला साधे उत्तरही न देता निघून जातात.