उत्तेजनार्थ गुराब

माझ्या गुराबेला, म्हणजे एका जुन्या लढाऊ जहाजाच्या प्रतिकृतीला, 'टाकाऊतून टिकाऊ' या गटात उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले, ही गोष्ट अजून ताजी आहे. प्रमाणपत्र कपाटावर उपडे ठेवले आहे आणि घरात कोणी त्याची चौकशी केली की मी भाजी आणायला निघतो. लहान मुलांना, आणि ज्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर येते अशा ज्येष्ठ नागरिकांना उत्तेजनार्थ बक्षीस देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. यांपैकी दुसऱ्या वर्गात मी हळूहळू दाखल होतो आहे, हे मला मान्य आहे. पण माझी गुराब टाकाऊतून निघाली, हे मान्य नाही.

आमचे जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचे एक चिमुकले मंडळ आहे. व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून हयात घालवलेले एक गृहस्थ, एक दंतवैद्य, १:७०० पेक्षा, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या हिश्शापेक्षा, मोठ्या प्रमाणाला हात न लावणारे एक निवृत्त बँक अधिकारी आणि नववीतला एक मुलगा, ज्याची नजर आणि बोटे आम्हा सर्वांहून सरस आहेत, एवढा आमचा पसारा. दंतवैद्यांचे आमच्यात विशेष वजन आहे, कारण दात कोरण्याची त्यांची बाद झालेली हत्यारे दोरांच्या जंजाळात आत शिरून गाठ आवळायला फार उत्तम. खरे टाकाऊ म्हणावे असे आमच्याकडे तेवढेच आहे, आणि ते जहाजात बसवलेले नसते.

प्रभागातल्या छंद-प्रदर्शनाच्या छापील अर्जात रांगोळी, भरतकाम, बोन्साय, नाणी व तिकिटे आणि टाकाऊतून टिकाऊ असे गट होते. कुठल्याही अर्जात हमखास असणारा 'इतर' हा रकाना नेमका इथेच नव्हता. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने "काका, मटेरियल काय काय वापरलंय?" असे विचारले आणि हा प्रश्न अखेर कोणाला तरी पडला या आनंदात मी सविस्तर उत्तर देऊ लागलो. फळ्या हेदूच्या, सागाच्या नव्हेत, कारण १:७२ या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो आणि त्या मापाने सागाच्या लाकडातली छिद्रे एवढी मोठी दिसतात की खलाशाचा पाय त्यांत अडकावा. हेदूचा पोत बारीक असतो, म्हणून पूर्वी त्याचे कंगवे होत. प्रत्येक फळीच्या कडेवरून मऊ पेन्सिल फिरवली की शेजारची फळी चिकटवल्यावर डांबर भरलेल्या सांध्याची काळी रेघ आपोआप उमटते. दोरा आधी मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन ओढायचा, म्हणजे त्याची लव जळते, आणि मग त्यावर मधमाश्यांचे मेण चोळायचे.

"आणि हे कापड?"

"ती शिडे आहेत. वडिलांच्या जुन्या धोतराची. नवे कापड फार ताठ असते, म्हणून धुवून मऊ झालेले घेतले आणि चहाच्या पाण्यात..."

"जुनं धोतर," असे पुटपुटत त्याने एका रकान्यात खूण केली आणि माझ्यामागच्या बाईंची शहाळ्याची कासवे पुढे घेतली. हेदू, पेन्सिल, मेण हे सगळे एका धोतरापायी कासवांच्या पंक्तीला जाऊन बसले.

गुराब म्हणजे काय, हे विचारणारा त्या दिवशी एकही मनुष्य भेटला नाही. 'हे टायटॅनिक का?', 'पाण्यात तरंगते का?' आणि 'रेडिमेड किट कितीला पडते?' हे तीन प्रश्न मात्र आळीपाळीने येत राहिले. म्हणून येथेच सांगून टाकतो. आंग्र्यांच्या आरमारातले मोठे लढाऊ जहाज ते गुराब. 'व्हिक्टरी'सारखे १७६५ साली पाण्यात उतरलेले इंग्रजी जहाज आज पोर्ट्समथला उभे आहे आणि त्याचे आराखडे घरबसल्या मिळतात. गुराबेचे तसे काही नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात लिहून ठेवलेले वर्णन हा आम्हा मंडळींचा मोठा आधार. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, आणि पाण्यात फार खोल न जाणारी. तिची खरी गंमत पुढच्या बाजूला आहे. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, खूप पुढे आलेली असते आणि तिच्यावरच्या तक्तपोशीला, म्हणजे फळ्यांच्या जमिनीला, कठडाच नसतो. समोरून लाटा आल्या की हे जहाज जोरात डुबक्या घेई, तेव्हा नाळेवर आदळलेले पाणी कशालाही न अडता दोन्ही बाजूंनी वाहून जावे, अशी ती योजना. त्यामागच्या आडव्या भिंतीत दोन भोके ठेवून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून थेट समोर डागत. ही उघडी नाळ करताना मी तिला दोन्हीकडे किंचित उतार दिला होता. तो उतार बोटाने जाणवतो, डोळ्यांना चटकन दिसत नाही, आणि मला वाटत होते की निदान परीक्षक तरी वाकून पाहतील.

परीक्षण समितीचे प्रमुख वाकले, पण ते वर पाहण्यासाठी. छातीवर रेशमी फुलाचा बिल्ला, हातात पुठ्ठ्याला लावलेला गुणांचा कागद, आणि मागे दोन तरुण कार्यकर्ते. त्यांची नजर सगळे जहाज ओलांडून मुख्य डोलकाठीच्या टोकाशी गेली आणि तेथेच थांबली.

"झेंडा उलटा लागलाय," ते म्हणाले.

तेथे नखाएवढा भगवा होता. पातळ कागद पाणी घातलेल्या डिंकात भिजवून, तारेवर हलकेच वळवून त्याला लाटा आणल्या होत्या आणि तो जहाजाच्या पुढच्या दिशेला फडकत होता. मी नम्रपणे सांगितले की वारा मागून आहे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिडे पुढे फुगली आहेत."

"म्हणजे जहाज पुढे चाललंय."

"होय."

"मग झेंडा मागे पाहिजे. अहो साहेब, मी शिवजयंतीच्या रॅलीत दर वर्षी पुढची स्कूटर चालवतो. झेंडा मागे जातो. आजवर एकदाही पुढे आलेला नाही."

मी म्हणालो की स्कूटर वाऱ्याला मागे टाकते म्हणून तिचा झेंडा मागे जातो. पण मागच्या वाऱ्यावर चाललेले शिडाचे जहाज त्या वाऱ्याहून नेहमी हळूच चालते, त्यामुळे जहाजावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीलाच वारा लागतो, आणि जो वारा शीड पुढे फुगवतो तोच झेंडाही पुढे नेतो. शिडे एकीकडे आणि झेंडा दुसरीकडे, असे फक्त चित्रांत आणि लग्नाच्या रुखवतात दिसते. रुखवताचा उल्लेख केला नसता तरी चालले असते, कारण मागच्या दोन कार्यकर्त्यांपैकी एकाने लगेच वर पाहिले. त्याच्या बहिणीच्या रुखवतात जहाज होते, असे नंतर कळले.

"तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल," प्रमुख म्हणाले, "पण दिसतं कसं ते बघा. झेंडा पुढे म्हणजे जहाज मागे चाललंय. आमच्या आरमाराची माघार दाखवलीत तुम्ही."

'आमच्या' हा शब्द त्यांनी अशा रीतीने उच्चारला की मी क्षणात परप्रांतीय झालो. आजूबाजूला माणसे जमू लागली. कासववाल्या बाईंनी सांगितले की त्यांच्या गावच्या देवळावरचा झेंडा चारी बाजूंना फडकतो, तेव्हा त्यात एवढे काही नाही. एका गृहस्थांनी मधला मार्ग सुचवला: झेंडा खाली लोंबता ठेवावा, म्हणजे कोणाचीच भावना दुखावणार नाही. मी म्हणालो, मग शिडेही लोंबती ठेवावी लागतील. "ठेवा की," ते म्हणाले.

तेवढ्यात आमचा नववीतला सभासद कोपऱ्यातला उभा पंखा ढकलत घेऊन आला. शास्त्रीय दृष्टिकोन म्हणतात तो या मुलात उपजत आहे. त्याने पंखा जहाजाच्या मागे उभा केला आणि कळ दाबली. गुराब जागची हलली नाही, झेंडाही हलला नाही, कारण तो डिंकाने घट्ट झालेला होता. हलली ती पलीकडच्या टेबलावरची संस्कारभारती रांगोळी, तिच्यातला सबंध मोर. रांगोळी गटातून जो आवाज उठला त्याला मी शब्दरूप देत नाही. पंखा बंद झाला. मोराचा पिसारा आमच्या बाजूला पसरलेला पाहून प्रमुख मला म्हणाले, "बघा, तुमचा झेंडा तर वाऱ्यानेसुद्धा हलत नाही."

आणि एवढे बोलून, मी 'अहो' म्हणेपर्यंत, त्यांनी अंगठा आणि तर्जनी पुढे करून तो झेंडा स्वतःच फिरवला. डोलकाठीचा वरचा तुकडा टोकाशी अडीच मिलिमीटर जाड होता आणि झेंडा त्याला पक्का चिकटवलेला होता. झेंडा फिरला नाही, काठी फिरली. 'टक्' असा अगदी लहान आवाज झाला, मग तिला धरून असलेले दोर एकामागून एक सैल पडत गेले आणि वरचे परबाण, म्हणजे शीड बांधलेली आडवी काठी, शिडासह खाली येऊन त्या उघड्या नाळेवर आडवे झाले. सबंध दिवसात त्या नाळेकडे लोकांचे लक्ष गेले ते एवढेच.

"फेविकॉल लावा, होईल," प्रमुख म्हणाले. "घरी असेलच तुमच्याकडे." आणि पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत ते कासवांकडे वळले. कासवांना पहिले बक्षीस मिळाले.

मोडलेली काठी पुन्हा होईल, ते दुःख नाही. माझा राग वेगळाच आहे आणि तो शांत होत नाही. झेंड्याच्या दिशेवरून वीस माणसे जमतात; तो झेंडा ज्या जहाजावर होता, ते कसे बांधले होते, किती टनांचे होते, पाणी कुठून वाहून जाई, हे विचारायला त्या वीसांतला एकही थांबत नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळून गेले, तेव्हा वेढा घालणाऱ्या इंग्रजांच्या बाजूने आपल्याच पेशव्यांचे सैन्य उभे होते, हा तपशील रॅलीत कोणी सांगत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानी लाकडात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही पाण्यावर आहे, पण ते इंग्लंडात, हार्टलपूलला. तिकीट काढून आत जाता येते. आपल्या पहिल्या 'विक्रांत'चे काय झाले? १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. तिला सांभाळण्याचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होईना आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. दोन वर्षांनी तिचे पोलाद वापरलेली मोटारसायकल बाजारात आली. टाकाऊतून टिकाऊ हा गट आपण राष्ट्रीय पातळीवर आधीच जिंकलेला आहे. आणि हे लिहिताना मला हसू येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

रविवारी मंडळाची सभा झाली. दंतवैद्यांनी मोडलेले टोक भिंगाखाली पाहिले आणि मूळ शाबूत आहे, असा निर्वाळा दिला. इंजिनिअरसाहेबांनी रांगोळी गटाची लेखी माफी मागावी असे सुचवले, आणि माफीचा मसुदा नववीतल्या मुलाकडे सोपवण्यात आला, कारण अक्षर त्याचेच बरे आहे. मग बँकवाल्यांनी ठराव मांडला की पुढच्या वर्षी प्रदर्शनाला १९६७ सालची 'कलवरी' ही पाणबुडी पाठवावी; तिला शीड नाही, डोलकाठी नाही, धोतराचा प्रश्न नाही आणि झेंड्याचा तर मुळीच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर झाल्याचे मी लिहूनही घेतले होते, इतक्यात इंजिनिअरसाहेब म्हणाले की पाणबुडी बंदरात शिरताना पाण्यावर असते आणि तेव्हा तिच्यावर झेंडा लावलेला असतो. तो अशा वेळी कोणत्या बाजूला फडकेल, हे पाणबुडीचा वेग आणि त्या दिवशीचा वारा यांवर ठरेल, एवढ्यापर्यंत एकमत झाले. वारा कोणता धरायचा यावर सभा दुपारी दीडपर्यंत चालली.