'इंटर्नला कायदा लागू होत नाही' हे कुणी सांगितलं?

भाचीने काल रात्री कॉलेजच्या ग्रुपवरचा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं आहे का?" मेसेजचा सूर असा: इंटर्न म्हणजे कर्मचारी नव्हे, म्हणून छळाची तक्रार करता येत नाही, पैसे मागता येत नाहीत, कंपनी मूळ मार्कशीट ठेवून घेऊ शकते, आणि मध्येच सोडल्यास दंड भरावा लागतो. सोमवारी तिची इंटर्नशिप सुरू होते. वाचून संताप आला.

छळाचा मुद्दा आधी, कारण तो धडधडीत खोटा आणि सर्वांत घातक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा काढून कलम 2(च) वाचा. 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार, स्वयंसेवक सगळे येतात. मोबदला मिळत असो वा नसो, हुद्द्याला नाव काहीही असो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. "आपली तक्रार कोण घेणार" म्हणून पोरी गप्प बसतात आणि मुदत निघून जाते. असला मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना हे कळतं का?

पैशांबाबत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. कॉलेजमार्फतच्या प्रत्येक इंटर्नशिपला स्टायपेंड द्यावाच, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. पण 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झाला असेल तर विद्यावेतन सक्तीचं आहे, शिकताना अपघात झाला तर भरपाईही. आणि नाव इंटर्नचं, काम मात्र रोजच्या कामगाराचं असेल, तर नुसत्या नावावर मालकाची सुटका होत नाही.

दंडाचं म्हणाल तर करारात कितीही मोठा आकडा लिहिला, तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळते. तो आकडा ही वरची मर्यादा.

मार्कशीट? तपासायला दाखवायची, लगेच परत घ्यायची. भाचीने दोन्ही वर्षांच्या मूळ प्रती फाइलला लावून तयार ठेवल्या होत्या. आता त्या माझ्या कपाटात आहेत, सोमवारी ती झेरॉक्स घेऊन जाईल.