भाव पडला, पण कोणत्या कॅमेऱ्याचा?

फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिजिटल रेंजफाइंडरचे (डोळा लावायच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा हाताने एकावर एक बसवून फोकस करायचा तो कॅमेरा) सेकंड-हँड भाव कोसळले आहेत, नवं मॉडेल आलं की जुनं अर्ध्यावर येतं, जुन्यांचे सेन्सर गंजतात म्हणून ते सगळे बाद, गोव्याच्या हवेत तर हा कॅमेरा टिकतच नाही, तेव्हा असेल तर आत्ताच विका, घ्यायचा असेल तर थांबा किंवा जपानहून मागवा. यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही, आणि अडचण तीच आहे. हे वाचून फोंड्यातला कुणी धडधाकट कॅमेरा मातीमोल देऊन टाकतो आणि म्हापशातला कुणी ‘आता सगळेच स्वस्त’ म्हणत नेमका गंजलेला उचलतो.

‘सगळ्यांचे भाव कोसळले’

सगळे म्हणजे कोण? एप्सनचा आर-डी १ (२००४), लायकाचे एम ८ (२००६), एम ९ (२००९), एम टाइप २४० (२०१२ मध्ये जाहीर), एम १० (२०१७), एम ११ (२०२२) आणि या प्रत्येकाची भावंडं, शिवाय फ्रान्सचा पिक्सी. कुळ जवळपास एवढंच. यांचा मिळून एक भाव सांगणं म्हणजे मानकुराद आणि लोणच्याची कैरी एकाच टोपलीत घालून ‘आंबा स्वस्त झाला’ म्हणण्यासारखं.

प्रत्येकाचा भाव वेगळ्या कारणाने हलतो. एम ११ चा रुपयांतला तोटा मोठा दिसतो, कारण तो सुरुवातीच्या वर्षांतला तोटा आहे. खोकं फोडल्यापासूनची पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात महाग पडतात आणि पुढे उतार मंदावतो. टाइप २४० स्वस्त आहे तो दोषामुळे नव्हे. त्याची जाडी ४२ मिलिमीटर, एम १० ची ३८.५, आणि हा फरक हातात घेताक्षणी कळतो. पातळ कॅमेरा आल्यावर लोक तिकडे वळले, एवढंच. २४० ची बॅटरी मात्र दिवसभर पुरते, सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे आणि त्याला गंजाची भानगड नाही. विकणाऱ्याने कुरकुर करावी आणि घेणाऱ्याने खूश व्हावं, असा हा कॅमेरा.

एम ८ ची गोष्ट निराळी. त्याच्या मागच्या स्क्रीनचे सुटे भाग उरलेले नाहीत. स्क्रीन गेली की कॅमेरा फोटो काढतो, पण काय काढला ते दाखवत नाही. शिवाय त्याच्या सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड फिल्टर फारच पातळ. लग्नातला काळा टेरिकॉटचा सूट त्यात वांगी रंगाचा येतो, आणि शेजारी सुती काळं कापड असेल तर ते बहुधा काळंच राहतं! उपाय म्हणजे प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर. विकताना हे फिल्टर सोबत दिले तर भाव टिकतो. नाही दिले तर घेणारा त्यांची किंमत आधी वजा करतो.

हिशेबातली आणखी एक गफलत. ‘माझा सेट अर्ध्यावर आला’ म्हणणाऱ्याचा सेट बहुधा उतरलेला नसतो, बॉडी उतरलेली असते. लेन्सचा हिशेब वेगळा मांडा. आणि डॉलरही लक्षात ठेवा. एम ९ अमेरिकेत ६,९९५ डॉलरला निघाला तेव्हा डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे करांशिवाय साधारण ३ लाख ३५ हजार. एम ११ आला ८,९९५ डॉलरला, तेव्हा डॉलर ७५ च्या घरात होता. करांशिवाय पावणेसात लाख. तेव्हा दोन मॉडेलांचे ‘किती टक्के पडले’ हे आकडे शेजारी ठेवताना आधी ठरवावं की मोजतोय कशात. डॉलरमध्ये जे पडलं ते रुपयात तेवढं पडलेलं नसतं.

‘जुन्यांचे सेन्सर गंजतात, म्हणून सगळे बाद’

गंजतात, हे खरं. ‘सगळे’ खोटं. हा दोष चार मॉडेलांपुरता आहे: एम ९, एम ९-पी, पहिला एम-ई (टाइप २२०) आणि पहिला मोनोक्रोम. चौघांच्याही सीसीडी (म्हणजे जुन्या जातीच्या) सेन्सरवर इन्फ्रारेड शोषणारी एक विशिष्ट काच आहे आणि ती ओलाव्याला नाजूक आहे. वरचा लेप कुठे सूक्ष्म खरवडला की ओल आत शिरते आणि काच आतून खराब होऊ लागते. लायकाने २०१४ मध्ये दोष मान्य केला, सेन्सर फुकट बदलून दिले, ऑगस्ट २०१७ मध्ये पाच वर्षांहून जुन्या कॅमेऱ्यांसाठी ती सवलत संपवली आणि पुढे सेन्सरचा साठाही संपला.

बारकावा इथे आहे. ‘सेन्सर बदललेला आहे’ एवढं ऐकून पैसे मोजू नका. नव्या, न गंजणाऱ्या काचेचे सेन्सर २०१५ पासून बसू लागले. त्याआधी बदललेला असेल तर काच जुन्याच जातीची आहे आणि आज ना उद्या तीही तोच रंग दाखवणार. म्हणून सर्व्हिसचा कागद मागा, त्यावरची तारीख वाचा आणि कागदावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबरशी ताडून पाहा. कागद नसेल तर कॅमेरा न बदललेला धरूनच भाव बोला.

कागद असो-नसो, तपासणी पाच मिनिटांची आहे. आयएसओ १६० ठेवा (मोनोक्रोम असेल तर ३२०), लेन्सचं छिद्र एफ १६, फोकस मुद्दाम चुकवलेला. निरभ्र आकाश किंवा पांढरी भिंत घ्या, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही कळत नाही. संगणकावर शंभर टक्के मोठी करून, कॉन्ट्रास्ट ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. धूळ म्हणजे धूसर करडा ठिपका. ब्लोअर मारल्यावर तो सरकतो किंवा जातो. तेलाचा ठिपका गोल आणि एकसारखा गडद असतो, ओल्या स्वॅबने निघतो. गंजाचा ठिपका मध्ये गडद आणि भोवती उजळ कडं असा दिसतो, काही केल्या हलत नाही. म्हणून ब्लोअर मारण्याआधी एक आणि नंतर एक असे दोन फोटो घ्या. विकणारा दुसऱ्या फोटोला नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. आणि ‘डाग आहे, जरा घासून काढू’ म्हणत तिथल्या तिथे स्वॅब फिरवू देऊ नका. लेप खरवडायला तेवढं पुरतं.

गंजलेला एम ९ स्वस्त आहे तो या कारणाने. चांगल्या काचेचा एम ९ गेल्या काही वर्षांत सीसीडीच्या रंगांचं वेड आल्यावर उलट वर गेला होता. एकाच मॉडेलचे दोन भाव, आणि मजकुरात त्यांची एक सरासरी.

‘गोव्याच्या हवेत टिकत नाही’

जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा कपाटातल्या चपलेवरही बुरशी येते. कॅमेरा त्याहून शहाणा नाही. पण ‘टिकत नाही’ आणि ‘सांभाळला नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या. बुरशीला दमट, अंधारी, वारा नसलेली जागा लागते, आणि चामड्याची केस नेमकी तीच देते. कॅमेरा केसमध्ये घालून कपाटात ठेवणं ही इथली सर्वांत महागडी सवय.

ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. तीसच्या खाली नेऊ नका, कोरडेपणा जास्त झाला की रबर आणि वंगण सुकतं. कॅबिनेट नको असेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत पाव किलो सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा. केशरी जेल हिरवं होतं, निळं गुलाबी. पावसात वीज गेली तर कॅबिनेटचं दार उघडू नका. बंद दाराआड आतली हवा बराच वेळ कोरडी राहते. ‘आत ओल शिरली का’ म्हणून सारखं उघडून पाहणं हेच ओल शिरण्याचं कारण. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर वाफ धरते, आणि ती आतल्या काचांवरही धरते. गाडीतच झिप पिशवीत घालून बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं थांबा, मग उघडा.

समुद्राच्या मिठाचा माग वेगळ्या जागी दिसतो: तळपट्टीच्या (बुडाच्या काढता येणाऱ्या झाकणाच्या) कडेला, हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) रुळात, बॅटरीच्या पट्ट्यांवर. पितळ उघडं पडलेल्या कडेला हिरवट कीट, पट्ट्यांवर पांढरी भुकटी. तळपट्टी काढून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका (एम ११ ला तळपट्टी नाही, तिथे बॅटरी ओढून पाहा). लेन्सची बुरशी पाहायला छिद्र पूर्ण उघडा आणि माउंटच्या (बॉडीला जोडायच्या) बाजूने टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तीच.

मजकुरात नसलेला मुद्दा

भाव पाडणारी खरी गोष्ट म्हणजे रेंजफाइंडरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या फोकसची जुळणी, आणि तिच्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ‘फोकस नीट येत नाही’ म्हणून घाईने विकलेल्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा फक्त हीच गडबड असते.

तपासा असं. मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि समोर आग्वादच्या बाजूला एखादी उभी रेघ शोधा. टॉवर, दिवा, काहीही. लेन्स अनंतावर (सर्वांत लांबच्या खुणेवर) टेकवा. पॅचमधली (खिडकीच्या मधल्या उजळ चौकोनातली) रेघ आणि बाहेरची रेघ एकावर एक बसली पाहिजे. डावी-उजवीकडे फरक असेल तर अनंताची जुळणी हललेली आहे. वर-खाली फरक असेल तर उभी जुळणी. आर-डी १ मध्ये उभी जुळणी हलणं फार सर्रास दिसतं. मग जवळचं पाहा: ट्रायपॉड, ५० ची लेन्स एफ २ वर, एक मीटरवर ४५ अंशांत तिरपी ठेवलेली पट्टी. दर वेळी अनंताकडून फोकस आणत दहा फोटो. दहाही एकाच बाजूला चुकले तर जुळणी. इकडे-तिकडे विखुरले तर बहुधा डोळा. दुसऱ्या लेन्सने पुन्हा करा. दोन्ही सारख्याच चुकल्या तरच बॉडीला दोष द्या. एम ९ आणि २४० मध्ये व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दृश्य मोठं दिसण्याचं प्रमाण ०.६८, एम १० पासून ०.७३; जुन्यात थोडी जास्त चूक होते, तो दोष नव्हे.

आतल्या रोलरची जुळणी २ मिलिमीटरच्या ॲलन कीने होते, हे इंटरनेटवर कुणीही दाखवतं. अनंत जुळवलं की जवळचं हलतं, हे तेवढ्याच उत्साहाने कुणी दाखवत नाही. पॅच धूसर, फिका दिसत असेल तर ती जुळणी नव्हे. आतल्या काचेवर बुरशी किंवा उडालेला मुलामा. ते काम मोठं, आणि भाव त्यानुसार खाली.

‘थांबा, आणखी पडेल’

कुणाचा? नव्याचा पडेल. २४० चा फार पडायला जागा नाही. चांगल्या काचेचे एम ९ नवे होणार नाहीत. २०२५ मध्ये लायकाने रेंजफाइंडर नसलेला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा एम काढला, त्यावरून ‘रेंजफाइंडर संपला’ अशी हाकाटी झाली; तो वेगळा कॅमेरा आहे, त्यावरून जुन्याचा भाव ठरत नाही. फिल्मच्या एम ६ चा दाखला देणाऱ्यांचं मात्र मान्य: त्यात सर्किट बोर्ड कमी, म्हणून तो जास्त टिकतो. डिजिटलमध्ये बोर्ड आणि बॅटरी म्हातारे होतात, ते नाकारता येत नाही.

‘जपानहून निम्म्यात येतो’

जाहिरातीतला आकडा निम्मा असेलही. त्यात विमानभाडं आणि विमा मिळवा; कस्टमचा कर या एकूण रकमेवर लागतो, नुसत्या कॅमेऱ्यावर नाही. मग जीएसटी, मग कुरिअरचं क्लिअरन्सचं शुल्क. ऑर्डरच्या दिवशीचा दर पाहून चारही ओळी कागदावर लिहा आणि बेरीज मुंबईतल्या बोलीशी ताडा. शिवाय गंज किंवा बुरशी निघाली तर परत पाठवण्याचा खर्च तुमचा. कुणी बॅगेतून आणून देतो म्हणालं तर कर भरल्याची पावती मागा. पुढे विकताना तीच कामी येते.

आणि इथल्या दुकानाने सांगितलेला भाव म्हणजे बाजारभाव, हा गैरसमजही ‘आत्ताच विका’ या सल्ल्यातून येतो. गोव्यात या कॅमेऱ्याची गिऱ्हाइकं मोजकी. लग्नवाल्यांना ऑटोफोकस हवा. दुकानदाराला माल महिनोन् महिने ठेवावा लागतो, त्यावर घेतलेल्या-विकलेल्या भावातल्या फरकावर जीएसटी भरावा लागतो, आणि काही बिघडलं तर ते दुरुस्तीसाठी बाहेर पाठवणंही त्याच्याच माथी. त्याचा आकडा कमी येणारच. तोच कॅमेरा पुण्या-मुंबईच्या थेट गिऱ्हाइकाला दाखवताना सोबत द्या: एफ १६ चा न कापलेला रॉ फोटो, तळपट्टी काढलेला फोटो, सर्व्हिसचा कागद, चार्जर, आणि बॅटऱ्या किती आहेत नि किती टिकतात ते. एम ९ असेल तर ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड घालूनच दाखवा. मोठं एसडीएक्ससी कार्ड तो वाचत नाही, आणि घेणारा ‘कॅमेरा बिघडलाय’ म्हणून निघून जातो.