चोरीला आळा हवा, पण संकेतस्थळांवर सरसकट बंदी नको
पायरसीचा, म्हणजे चित्रपट-गाण्यांच्या चोरीचा, संशय असलेली संकेतस्थळे सरसकट बंद करावीत, अशी मागणी करणारा लेख वाचला. ही मागणी मला धोकादायक वाटते. पायरसीची झळ आम्हा खानदेशकरांनाही बसते. पदरमोड करून काढलेले अहिराणी गाणे, मूळ कलावंतांची नावे कापून, दुसऱ्याच्याच चॅनेलवर झळकते. तरीही २०१२ मध्ये काय झाले ते विसरता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारखे व्हिडिओंचे अख्खे संकेतस्थळच बंद केले, आणि बंदी केवळ विशिष्ट दुव्यांपुरती आहे, असे न्यायालयाला नंतर स्पष्ट करावे लागले. २०१७ मध्ये तर जुनी पुस्तके जपणारे इंटरनेट अर्काइव्ह हे संकेतस्थळही बंदीच्या अशाच यादीत सापडले. शहाद्याच्या एखाद्या हौशी गायकाचे पान असे बंद झाले, तर त्याने दाद मागायला चेन्नई गाठायची का? चित्रपटगृहात चोरून चित्रीकरण करणाऱ्याला २०२३ च्या सुधारित कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती कठोरपणे राबवावी. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार तक्रारीवरून मजकूर हटवला, तरी तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. हेच संरक्षण संकेतस्थळांवरील बंदीलाही लागू करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.